एक सही

परवा नात आपली टोळी घेऊन आली. “आजोबा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन रात्री प्रायोगिक नाटकांचा महोत्सव करायचाय. परवानगी द्या!”

मी पडलो सेक्रेटरी. “पार्किंग म्हणजे काय नाट्यगृह आहे?” असे म्हणणार, तोच दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह आठवले. १९७४ पासून ‘आविष्कार’च्या मंडळींनी तिथे प्रायोगिक नाटके केली. शाळेचेच सभागृह ते, नाट्यगृहाचा थाट कुठला? पण बादल सरकारांचे ‘जुलूस’ अमोल पालेकरांनी केले, ते तिथेच. खाली गल्लीत वडे, वर नाटक. आम्ही दोन्हींवर तुटून पडत असू!

त्या शाळेने तेव्हा ‘नाही’ म्हटले असते तर?

वाचकहो, मी सही केली. आमची मोटार मात्र तीन रात्री रस्त्यावर!