सावकाश सायकल चालवायची लाज कशाला?

दसरा-दिवाळीच्या सुमारास दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. पाऊस सरलेला असतो, हवा स्वच्छ असते, चार महिने बंद पडलेल्या फिरण्याची आठवण होते आणि पेशंट विचारतात, "डॉक्टर, सायकल सुरू करू का?" त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो, "किती स्पीडने चालवली म्हणजे फायदा होईल?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बहुतेकांनी जरूर सुरू करावी. दुसऱ्याबद्दल माझं मत हल्लीच्या सायकल ग्रुपमध्ये फारसं कुणाला पटत नाही, म्हणून ते सविस्तर लिहितो. चाळिशी-पन्नाशीत नव्याने सायकल सुरू करणाऱ्याने पहिले काही महिने स्पीडचा आकडा बघूच नये. शहराबाहेरचा एखादा मातीचा, झाडीतला रस्ता निवडावा आणि गप्पा मारत, थांबत, फुलं-पाखरं बघत चालवावी. वैद्यकीयदृष्ट्या हा पूर्ण व्यायाम आहे.

ग्रॅव्हल राइड म्हणजे काय?

ग्रॅव्हल म्हणजे खडी. ग्रॅव्हल बाईकचं हँडल रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं असतं, पण टायर बरेच रुंद, साधारण 35 ते 50 मिलिमीटरचे असतात. त्यात हवा थोडी कमी ठेवता येते, त्यामुळे खडीचे धक्के टायरच पचवतो. युरोप-अमेरिकेत शरद ऋतूत मेपल आणि ओकची पानं लाल-पिवळी झाली की लोक अशा सायकली घेऊन जंगलातल्या वाटांवर निवांत फिरतात.

आपल्याकडे जंगलातली पानगळ थंडीनंतर येते, पण शरदाचे आपले रंग वेगळे आहेत. सह्याद्रीच्या उतारांवर पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, शेताच्या बांधावर कुर्डू आणि हळूहळू पिवळं पडत जाणारं गवत. यासाठी महागडी ग्रॅव्हल बाईक हवीच असं नाही. जरा रुंद टायरची, ब्रेक नीट लागणारी कुठलीही गिअरची सायकल चालते.

हळू म्हणजे वाया? आकडे बघू

व्यायामाची तीव्रता आम्ही 'मेट' या एककात मोजतो. नुसतं बसून राहायला शरीराला जेवढी ऊर्जा लागते ती 1 मेट. 3 ते 6 मेटचा व्यायाम 'मध्यम' समजला जातो. ताशी 16 किलोमीटरपेक्षा कमी वेगाने, निवांत सायकल चालवणं साधारण 4 मेटचं असतं. म्हणजे ज्याला तुम्ही 'नुसतं रमतगमत' म्हणता ते मध्यम व्यायामात बसतं. शिवाय हा आकडा सरसकट आहे. खडी आणि मातीवर चाक जड फिरतं, त्यामुळे डांबरी रस्त्यापेक्षा त्याच वेगाला कष्ट जास्त पडतात. तिथे मित्राच्या हायवेवरच्या स्पीडशी तुलना करण्यात काही अर्थ नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायामाची आहे. रविवारी दीड तास सायकल आणि इतर तीन दिवस वीस-वीस मिनिटं चालणं, एवढ्यात 150 मिनिटं भरतात.

मधुमेहींसाठी आणखी एक गोष्ट. चालत्या स्नायूंना रक्तातली साखर आत घ्यायला एरवीइतकं इन्सुलिन लागत नाही. हा परिणाम व्यायाम थांबल्यावरही बरेच तास टिकतो. त्यासाठी धापा टाकायची गरज नसते, स्नायू पुरेसा वेळ चालू राहणं महत्त्वाचं.

तुमचा स्पीडोमीटर तुमच्या तोंडात आहे

सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, ही मध्यम व्यायामाची खूण. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा. चढ असेल तर उतरून सायकल ढकला, त्यात कमीपणा नाही.

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांना ही चाचणी विशेष उपयोगी आहे. या गोळ्यांनी नाडी मुद्दाम हळू ठेवलेली असते. घड्याळावर 105 दिसलं म्हणून 'अजून जोर लावू' असं ठरवाल तर फसाल. श्वास मात्र खरं सांगतो.

वेगाची हौस कुठे नडते

माझे एक पेशंट, वय 52, बँकेत नोकरी, रक्तदाब आणि थोडी वाढलेली साखर. त्यांनी उत्साहाने सायकल घेतली आणि ग्रुपमध्ये सामील झाले. तिसऱ्याच रविवारी घाटात सगळे पुढे निघून गेले आणि हे एकटे मागे राहिले. संध्याकाळी ग्रुपवर प्रत्येकाच्या सरासरी वेगाची यादी आली, त्यात यांचं नाव शेवटी. सायकल गॅलरीत गेली आणि वर्षभरात रक्तदाबाची दुसरी गोळी सुरू करावी लागली. वजन, मीठ, कामाचा ताण ही कारणं होतीच, पण व्यायाम बंद पडण्याचं कारण फक्त लाज हे होतं.

काही जण याच्या उलट करतात. वर्षानुवर्षं बैठं काम केलेला माणूस एकदम जिवाच्या आकांताने घाट चढतो. सवय नसताना अचानक केलेल्या जोरदार श्रमाने त्या वेळेपुरता हार्ट अटॅकचा धोका वाढतो, हे चांगलं ठाऊक असलेलं सत्य आहे. नियमित मध्यम व्यायामाने हाच धोका कमी होत जातो. त्यामुळे सावकाश चालवणं हीच पुढच्या वेगाची तयारी आहे.

जंगलाचा वाटा किती?

जपानमध्ये 1982 साली तिथल्या वन खात्याने 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान, ही कल्पना लोकांपुढे मांडली. झाडीत वेळ घालवल्यावर मन शांत होतं, नाडी आणि रक्तदाब थोडे उतरतात, असं अनेक लहान अभ्यासांत दिसलं आहे. याने रोग बरे होतात असं मी म्हणणार नाही आणि रक्तदाबाची गोळी बंद करायला तर अजिबात सांगणार नाही. मला त्याचं महत्त्व वेगळ्या कारणाने वाटतं. ज्या रस्त्यावर मजा येते त्या रस्त्यावर माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा जातो आणि व्यायामात 'पुन्हा' हाच शब्द सगळ्यात मोलाचा.

या सायकलने काय होणार नाही

सायकलवर शरीराचा भार सीटवर असतो. गुडघ्यांना ते सोयीचं, पण हाडं बळकट व्हायला पायावर भार लागतो. म्हणून चालणं, जिने चढणं आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंचे व्यायाम हवेतच. वजनाच्या बाबतीतही भ्रम नको. 70 किलोच्या माणसाचे तासाभरात साधारण 280 कॅलरी खर्च होतात. परतीच्या वाटेवर मिसळ-पाव आणि वर जिलेबी घेतली की हिशेब संपला.

निघण्यापूर्वी एवढं बघा

• हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा जुना मधुमेह असेल तर आधी तपासून घ्या.
• इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर वाटेत उतरू शकते. उपाशी निघू नका, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा.
• सीट फार खाली असेल तर गुडघ्याची पुढची बाजू दुखते. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहावा. हाताची बोटं बधिर होत असतील तर हँडलवरची पकड बदलत राहा.
• हेल्मेट हवंच. खडीच्या उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका.
• ऑक्टोबरचं ऊन कडक असतं. सकाळी लवकर निघा, पाणी सोबत ठेवा. वनखात्याच्या हद्दीत परवानगी आहे का ते विचारा आणि एकटे जाऊ नका.
• उंच गवतात बसू-लोळू नका. पावसाळ्यानंतर गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. चावा कळतही नाही. साधारण एक ते तीन आठवड्यांनी जोराचा ताप आणि डोकेदुखी सुरू होते, काहींच्या काखेत, कमरेवर किंवा जांघेत काळी खपली दिसते. वेळेवर निदान झालं तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी बरा होतो, उशीर झाला तर जिवावर बेततो. म्हणून ताप आल्यास "मी रानात फिरून आलो होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.
• छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, वेगळाच दम यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबा. चढ संपण्याची वाट बघू नका. रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा.

सुरुवातीला आठ-दहा किलोमीटर पुरे आहेत, मग त्याला सव्वा तास लागो की दीड. सोबत असा माणूस घ्या ज्याला पुढे पळायची घाई नाही. घरी आल्यावर कुणी "किती स्पीड होता?" असं विचारलं, तर वाटेत काय काय पाहिलं ते सांगा. आणि पुढच्या तपासणीला येताना मला किलोमीटर सांगू नका, महिन्यात किती वेळा गेलात तेवढं सांगा.