वारीतला विसाव्याचा दिवस



दिवे घाट चढून माउलींची पालखी सासवडला पोचली की तेथे दोन रात्रींचा मुक्काम असतो. मधला दिवस नुसता झोपून घालवू नका. सकाळी आंघोळ करून सोपानकाकांच्या समाधीचे दर्शन घ्या. मग सावलीत बसून कोमट तेलाने पाय चोळा. हात घोट्याकडून गुडघ्याकडे न्या. पायाला आलेला फोड फोडू नका. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर ती मुळीच चोळू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर तळवे रोज तपासा. सायंकाळी हरिपाठाआधी दहा मिनिटे ताडासन व शवासन करा. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळण करतोच ना? तशीच ही आपल्या पायांची. पंढरी अजून लांब आहे आणि परतल्यावर शेतही वाट पाहत असणार.