तीन वर्षं काय, अशी निघून जातात!

भाचीचा नीट-पीजीचा रँक आला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सल्ल्यांचा नुसता पाऊस. एरवी या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं आणि गुडघेदुखीवरचे उपाय येतात. गेले आठ दिवस सगळेच समुपदेशक झालेत.

रँक मधला आहे. रेडिओलॉजी मिळणार नाही, बाकी बरंच काही मिळू शकेल असा. त्यामुळे पहिला दिवस रेडिओ हुकल्याच्या हळहळीत गेला. मग मावशीचं मत आलं, की मुलीच्या जातीला गायनॅक बरं. (गायनॅकच्या मुली रात्र-रात्र लेबर रूममध्ये उभ्या असतात, हे मावशीला कोण सांगणार?) काकांचा एकच शब्द, स्कोप. आमच्या वेळी टॉपर मेडिसिन किंवा सर्जरी घ्यायचा आणि रेडिओलॉजीला जाणाऱ्याला लोक "मग पेशंट नाही का बघणार?" असं विचारायचे. आज स्कोप नेमका उलटा बसलाय. भाची प्रॅक्टिस करणार पुढची पस्तीस वर्षं, आणि आम्ही तिला आजचा बाजारभाव सांगतोय!

तिला भूलशास्त्र हवंय. इंटर्नशिपमध्ये ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहिली आणि तिला ते आवडलं, एवढं साधं आहे. ग्रुपचं म्हणणं, भूल देणाऱ्याला पेशंट ओळखतसुद्धा नाही, त्यापेक्षा नाववाल्या कॉलेजातलं गायनॅक घे.

इथपर्यंत मी गप्प होतो. मग भाचीने लिहिलं, की त्या नाववाल्या कॉलेजातल्या त्या डिपार्टमेंटबद्दल सीनियर मुली चांगलं बोलत नाहीत. फर्स्ट इयरला झोप नाही, जेवण नाही, वर सगळ्यांसमोर शिव्या. त्यावर उत्तर आलं, "तीन वर्षं काय, अशी निघून जातात. कळ काढायची. मामाला विचार, त्याने नाही का काढली?"

मामा म्हणजे मी. विचारलंच आहे तर सांगतो.

मी मेडिसिनची रेसिडेन्सी एका सरकारी रुग्णालयात केली. नाव सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. पहिल्या वर्षातल्या एका इमर्जन्सीची गोष्ट. आदल्या सकाळी सातला वॉर्डात शिरलेला मी दुसऱ्या रात्री दोन वाजताही तिथेच होतो. एका आजोबांच्या इंडोर पेपरवर इन्सुलिन लिहायचं होतं, ४ युनिट. मी लिहिलं ४०. सिस्टर वयाने मोठ्या होत्या. त्यांनी कागद परत माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, हे एकदा बघा." मी बघितलं, आणि मला त्यात काही चूक दिसेना. दुसऱ्यांदा त्यांनी शून्यावर बोट ठेवलं तेव्हा कळलं. सिस्टरनी ते खोडून घेतलं, सही घेतली, आणि मला चहा पाजला.

ही गोष्ट मी घरी कधी सांगितली नाही. घरी सांगायचो ते मेसच्या डाळीचे विनोद. म्हणून तुम्हाला वाटतं मामाने कळ काढली आणि तीन वर्षं निघून गेली. माझी निघून गेली हो, पण कळ त्या रात्री आजोबांना सोसावी लागली असती.

"एवढं राबल्याशिवाय हात कसा बसणार?" हा पुढचा प्रश्न मला माहीत आहे, मीही तो ज्युनियर्सना विचारलेला आहे. हात पेशंट बघून बसतो, हे खरंच. पण त्या छत्तीस-चाळीस तासांतले किती तास मी पेशंट बघत होतो? रक्ताच्या बाटल्या लॅबमध्ये पोचवणं, रिपोर्ट शोधणं, वॉर्डातले मामा नसले की ट्रॉली ढकलणं. तिसाव्या तासानंतर मी एकही गोष्ट शिकलो असेन तर शपथ.

आणि हे काही नियमात बसणारं नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलंय, की सलग ड्यूटी साधारणपणे बारा तासांपुढे जाऊ नये आणि आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा असावा. अठ्ठेचाळीस! आम्ही ते दोन दिवसांत संपवायचो. २०२३ च्या पीजीच्या नियमावलीत आकडाच गेला, "वाजवी" तास असा शब्द आला. वाजवी कोणी ठरवायचं? अर्थात युनिटच्या सीनियरने. मग २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मानसिक आरोग्यावरच्या कृतिदलाने सुचवलं, की आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांच्या वर काम नको आणि एक सुट्टी हवी. म्हणजे बत्तीस वर्षांत आपण अठ्ठेचाळीसवरून चौऱ्याहत्तरवर आलो, आणि ही झाली सुधारणा.

न्यू जर्सीचा चुलतभाऊ म्हणेल, तिकडेही ऐंशी तास असतात. असतात, २००३ पासून ती तिथली वरची मर्यादा आहे. पण तिथे मॅचच्या आधी मुलं इंटरव्ह्यूला जातात, तिथल्या रेसिडेंट्सशी बोलतात, मग आपली यादी लावतात. आपल्याकडे रँक, फॉर्म आणि सीट. ज्या डिपार्टमेंटमध्ये तीन वर्षं जायची त्याचं तोंडही मूल आधी बघत नाही. लग्नाला स्थळ बघताना मुलाच्या आत्येच्या सासरची चौकशी करणारे आम्ही लोक!

म्हणून भाचीला मी एकच सांगितलं, फॉर्म भरण्याआधी फोन कर. एचओडींना नको, फर्स्ट इयरच्या जेआरला कर. युनिटला किती जण आहेत, पोस्ट-इमर्जन्सीला घरी सोडतात का, गेल्या वर्षी किती जण सीट सोडून गेले, स्वतःच्या हाताने किती केसेस करायला मिळतात, स्टायपेंड वेळेवर येतो का. आणि "मॅडम ओरडतात का?" असं विचारू नकोस, सगळे ओरडतात. "चूक झाली तर कोणाला सांगता येतं?" असं विचार. समोरचा किती वेळ गप्प बसतो ते ऐक.

यादीबद्दलही एक गैरसमज घरात आहे. काका म्हणतात, मिळण्यासारखं आहे तेच वर टाक, नाहीतर नंबर वाया जातो. काका, तसं नसतं. रँकप्रमाणे मुलाची पाळी येते आणि त्याच्या यादीत वरून खाली येत जी पहिली सीट मोकळी असेल ती मिळते. वर अशक्य सीट टाकली म्हणून खालची हातची जात नाही. तेव्हा क्रम मनासारखाच लावायचा, ऑल इंडियाच्या फॉर्मलाही आणि राज्याच्या फॉर्मलाही. मात्र जिथे जायचंच नाही ते यादीत टाकायचंच नाही. "टाकून ठेव, बघू नंतर" हा सल्ला सगळ्यात घातक. ऑल इंडियाच्या पहिल्या फेरीत मिळालेली सीट न घेता बाहेर पडता येतं, पण फेऱ्या पुढे सरकतात तसं ते महाग पडत जातं.

आणि जॉइन होऊन सोडायची म्हटली तर? सीट सोडण्याच्या बाँडचा दंड अनेक राज्यांत लाखांत असायचा. त्यापायी अडकलेल्या मुलांच्या तक्रारी एवढ्या आल्या, की जानेवारी २०२४ मध्ये आयोगालाच राज्यांना पत्र लिहून ही पद्धत बंद करा म्हणावं लागलं. "नाही जमलं तर सोड" म्हणणाऱ्यांपैकी कोण तो दंड भरणार होतं, ते ग्रुपवर हात वर करून सांगा.

"या रँकला एवढे नखरे?" असं एकाने लिहिलंय. जवळच्या नात्यातला आहे म्हणून नाव घेत नाही. अरे बाबा, साडेपाच वर्षं एमबीबीएस आणि इंटर्नशिप करून, वर दिवसाचे बारा तास अभ्यास करून तिने तो रँक आणलाय. तिने कुठे झोपायला मिळेल एवढं विचारलं तर ते नखरे?

असो. रविवारी ती एसटीने एका जिल्ह्याच्या ठिकाणचं कॉलेज बघून आली. नाव ऐकून ग्रुपवर कोणी "वा" म्हणणार नाही असं. तिथल्या जेआरने तिला कँटीनमध्ये पोहे खिलवले आणि म्हणाली, काम भरपूर आहे, पण पहिल्या महिन्यात मॅडम स्वतः शेजारी उभ्या राहून स्पायनल शिकवतात, आणि ड्यूटीनंतर दुपारी दोनला मी झोपलेली असते. भाचीने ते तिच्या यादीत वर घातलंय.

ताई, हे मुख्यतः तुझ्यासाठी लिहिलंय, ग्रुपवर लिहिलं असतं तर भांडण झालं असतं. फॉर्म शनिवारी संध्याकाळी लॉक होतो. तोवर तिला फोन करायचा तर जेवलीस का एवढंच विचार. बाकीच्यांना मी बघतो.