हात काळे झालेच पाहिजेत!

बाइक ईएमआयवर, जॅकेट ब्रँडेड, वीकएन्डला ताम्हिणी नाहीतर माळशेज... आणि चेन शेवटची कधी साफ केलीस, असं विचारलं की साहेब गप्प! आपल्या पिढीचं बाइकप्रेम हे असं सीटच्या वरवरचं. सीटखाली काय चाललंय ते मेकॅनिकला ठाऊक. तो ‘क्लच प्लेट गेली’ म्हणाला की आपण पाकीट काढायचं, बस्स.

माझ्या एका मैत्रिणीने साडेतीनशे सीसीची बुलेट घेतली. चेन खडखडायला लागली म्हणून गॅरेजमध्ये गेली, तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, भावाला पाठवून द्या, त्याला समजावतो.’ भाऊ बंगळुरूला. तोही गिअरलेस स्कूटरवाला! बाईसाहेब तिथून तडक निघाल्या आणि पान्यांचा सेट घेऊन घरी आल्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारचा क्लास सुरू. शिक्षक कोण? गाडीसोबत येतं आणि कुणीच वाचत नाही, ते ओनर्स मॅन्युअल.

सुरुवात चेनपासूनच करावी. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये आणि इंजिन बंद. हे ‘बंद’ दोनदा वाचा. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनला फडकं लावणारे हीरो आहेत, आणि त्यात बोटं गमावलेलेही आहेत. चाक हाताने फिरवायचं, चेन क्लिनर मारायचा, मऊ ब्रशने घासायचं, कोरडं पुसायचं, मग ल्यूब. पेट्रोलने धुवायची नाही. ओ-रिंगवाल्या चेनच्या रबराची वाट लागते.

मग ताण. खालच्या बाजूला, दोन्ही स्प्रॉकेटच्या बरोबर मध्ये चेन बोटाने वर-खाली करून पाहायची. बऱ्याच कम्युटर बाइक्सना २० ते ३० मिलीमीटरची ढील लागते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा चेनजवळच्या स्टिकरवर असतो. चेन आवळताना चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्याच हव्यात, नाहीतर चाक तिरकं बसतं. आणि मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे सरकलं की ब्रेकचा प्लेही बदलतो. तो तपासल्याशिवाय गेटबाहेर पडायचं नाही.

दुसरा धडा इंजिन ऑइल. इथला फंडा असा, की बहुतेक गिअरच्या बाइक्समध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात भिजतात. म्हणून कारचं उरलेलं महागडं तेल ओतायचा मोह टाळा. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे क्लच घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ आहे ना, तेवढं बघा. ड्रेन बोल्ट आधी हाताने बसवायचा आणि मगच पाना लावायचा. जोर दाखवायला गेलात तर आटे जातात आणि दीडशे रुपयांचं काम हजारात जातं. काढलेलं तेल गटारात नाही, डब्यात भरून गॅरेजला. (वॉरंटीतल्या गाडीचं ऑइल मात्र सर्व्हिस सेंटरलाच बदला. तिथे रेकॉर्ड मागतात.)

तीन महिन्यांनी मैत्रीण ब्रेकच्या कामासाठी त्याच गॅरेजात गेली. बिलावर ‘ब्रेक शू बदलले’. ती म्हणाली, ‘जुने दाखवा.’ शांतता! मग आतून जुने शू आले, आणि ते खरोखरच झिजलेले होते. माणूस चोर नव्हता. त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आता तो तिला काम दाखवून करतो, भावाचा विषय निघत नाही.

आता येऊ मॉडिफिकेशनकडे, म्हणजे खऱ्या खाजेकडे. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावणं म्हणजे मेकॅनिक होणं नव्हे, सॉरी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि नव्या बाइक्समधून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. आता एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो आणि त्याच्या रिडिंगवर इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ठरतं. पाइप बदलला की हा हिशोब बिघडू शकतो. शिवाय कायदा आहेच. मूळ स्पेसिफिकेशन बदलता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि आवाजाच्या पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जप्त सायलेन्सरवर रोलर फिरवतानाचे पोलिसांचे फोटो पेपरात पाहिले असतीलच.

मग करायचं काय? सॅडल बॅग, टँक बॅग, फोन चार्जर. चार्जर सोपा वाटतो, पण खरी परीक्षा तिथेच. कनेक्शन इग्निशन चालू असतानाच करंट देणाऱ्या वायरवरून घ्यायचं, नाहीतर रात्रभरात बॅटरी झोपते. आणि मध्ये फ्यूज हवाच. शॉर्ट झालं तर वायर जळण्याआधी तो उडतो.

सामानासाठी पुण्यात नाना पेठेसारखी जागा नाही. दुकानं गल्लीभर, नट-बोल्टपासून मडगार्डपर्यंत. जाताना जुना पार्ट फडक्यात गुंडाळून सोबत न्या आणि गाडीचं मॉडेल नि साल लिहून ठेवा. काउंटरवर गर्दी असते, तिथे ‘ते गोल गोल असतं ना, ते’ असं सांगून कुणी काही देत नाही!