धूळ जाते, वास राहतो

सासूबाईंना दमा आहे. थंडी सुरू झाली की पहाटे चार-साडेचारला त्यांना धाप लागते, छातीत घरघर सुरू होते आणि उशीखालचा पंप शोधणारा हात अंधारात चाचपडत राहतो. गेल्या वर्षी नोव्हेंबरात सलग तीन रात्री हे झालं. डॉक्टरांनी औषध बदललं आणि आम्ही निघताना एवढंच म्हणाले, "त्या झोपतात त्या खोलीतली हवा बघा जरा." त्याच आठवड्यात आम्ही एअर प्युरिफायर घेतला. डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या निवासी विभागाला लागून आमची इमारत आहे. आता त्या यंत्राला वर्ष होत आलं. इमारतीतले, नात्यातले लोक विचारतात, घ्यावा का? काय उपयोग होतो? तेव्हा वर्षभरात जे पाहिलं ते नीट लिहून टाकावं असं वाटलं.

यंत्र आणलं त्या संध्याकाळी त्यावरचा दिवा निळ्याचा लाल झाला. आम्हाला वाटलं, बाहेरून काहीतरी आलं. खिडक्या तर बंद होत्या. मग लक्षात आलं, देवघरात धूप लागला होता आणि पलंगाखाली कासवछाप जळत होती. डास येतात म्हणून संध्याकाळी साडेसहाला कॉइल लावायची आणि सगळी खिडक्या-दारं लावून घ्यायची, हा आमच्या घरातला कित्येक वर्षांचा शिरस्ता. दमेकरी माणूस त्या खोलीत झोपतं हे आम्हा कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. बंद खोलीत जळणाऱ्या एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण सुमारे शंभर सिगारेटींच्या कणांइतके असतात, हे पुण्याचे छातीविकारतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी कितीतरी वर्षं सांगत आले आहेत. मी ते वाचलंही होतं. पण वाचणं वेगळं आणि डोळ्यांसमोर दिवा लाल होताना बघणं वेगळं.

मी म्हटलं, "अहो आई, धूप आता गॅलरीत लावूया का? आत नको." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. देवापुढचा धूप बाहेर न्यायचा म्हणजे त्यांना कसंतरीच वाटत होतं, आणि ते मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "निरांजन पुरे. देव काही रागवायचा नाही." कॉइल मात्र त्या दिवसापासून गेली ती गेलीच. माळ्यावरची जुनी मच्छरदाणी खाली काढली, धुतली आणि चार खिळे ठोकून पलंगावर बांधली. माझा अनुभव विचाराल तर यंत्राने केलेलं सर्वात मोठं काम हेच. आपण घरातच किती धूर करतो ते त्याने दाखवून दिलं. मिरचीच्या फोडणीचंही तसंच. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा बंद असला की पाचव्या मिनिटाला झोपायच्या खोलीतला दिवा बदलतो. आता फोडणीच्या आधी पंखा आणि नंतर दहा मिनिटं पंखा, हा नियम झाला आहे. प्युरिफायर स्वयंपाकघरात मात्र ठेवू नये, तेलकट वाफेने त्याची जाळी चिकट होऊन बसते.

दिवाळीत मुलीचा हट्ट असायचा नागगोळीचा. बिनआवाजाची, बिनधोक, म्हणून आम्हीही हौसेने आणून द्यायचो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने सहा प्रकारचे फटाके जाळून मोजले होते, त्यात सूक्ष्म कण सोडण्यात नागगोळी सगळ्यांत पुढे निघाली, लवंगीच्या लडीच्याही पुढे. ज्या फटाक्यावर मूल ओणवं होऊन बघत बसतं, नेमका तोच. यंदा आमच्या पिशवीत नागगोळी नव्हती.

आता यंत्राबद्दल. त्याचं पोट उघडलं तर आत तीन थर दिसतात. पहिली जाळी केस, धाग्यांचे तुकडे, मोठी धूळ अडवते, ती पंधरा दिवसांनी धुवायची. मधला थर घड्याघड्यांच्या पांढऱ्या कागदासारखा असतो, त्याला हेपा म्हणतात. ही गाळणी मुळात घरासाठी केलेली नव्हती. 1940 च्या दशकात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवायला ती तयार झाली. 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण ती पकडते. 0.3 च का, तर तो आकार पकडायला सर्वात अवघड. त्याहून मोठे कण सरळ जाऊन धाग्यांवर आदळतात, फार बारीक कण हवेत भरकटत धाग्यांना चिकटतात, मधले तेवढे निसटू बघतात. आपल्या डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. ज्यांना पीएम 2.5 म्हणतात ते कण अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे. चोवीस तासांच्या सरासरीसाठी आपल्या देशाची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितलेली 15. थंडीत आपल्याकडे हवा जमिनीलगत दबून राहते, वारा पडलेला असतो आणि सकाळी धुक्यासारखं जे दिसतं त्यात धूळ-धूर किती हे प्रत्येकाने बघायला हवं. त्यासाठी यंत्र लागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' हे ॲप फुकट आहे. कल्याणला खडकपाड्यात, ठाण्यात कासारवडवलीत आणि आमच्या इथे पिंपळेश्वर मंदिराजवळ हवा मोजणारी केंद्रं आहेत.

घ्यायचाच तर खोक्यावरच्या चौरस फुटांच्या आकड्यावर जाऊ नका. सीएडीआर नावाचा आकडा बघा. यंत्र ताशी किती घनमीटर स्वच्छ हवा देतं, ते त्यात कळतं. दहा बाय बाराची खोली, छत साडेनऊ फुटांवर, म्हणजे आत साधारण 32 घनमीटर हवा. ती तासातून पाच वेळा गाळली जावी असं धरलं तर 160 चा सीएडीआर हवा. हा आकडा पंखा पूर्ण वेगात असतानाचा असतो आणि त्या घरघरीत रात्री कुणाला झोप येत नाही. म्हणून दीडपट-दुप्पट मोठं यंत्र घेऊन मंद वेगात चालवावं. आम्ही हे न कळता लहान घेतलं, दार सताड उघडं ठेवलं आणि हॉलची हवाही तेच साफ करील अशी आशा धरली. एक खोली, दार लोटलेलं आणि यंत्र भिंतीपासून हातभर पुढे, एवढं केल्यावर फरक पडला. सासूबाईंच्या पहाटेच्या खेपा कमी झाल्या. बंद झाल्या असं मी म्हणणार नाही. औषधही बदललं होतं आणि कॉइलही गेली होती, तेव्हा श्रेय एकट्या यंत्राला देणं बरोबर नाही.

एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. यंत्र हवा गाळतं, ताजी हवा आणत नाही. खोलीत तिघं झोपलेली असली तर श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतच जातो आणि सकाळी डोकं जड होतं. दुपारी वारा सुटल्यावर खिडक्या उघडायलाच हव्यात. आणि कुंड्या ठेवल्याने हवा शुद्ध होते ही समजूत सोडून द्यावी. नासाचा 1989 चा प्रयोग छोट्या बंद पेटीतला होता. घरात तेवढा परिणाम मिळवायचा तर चालायलाही जागा उरणार नाही इतकी झाडं लागतील. झाडं लावावीत ती आवडतात म्हणून.

माझी नणंद घोडबंदर रोडला राहते, कासारवडवलीत. तिच्या खिडकीसमोर मेट्रोचे खांब उभे राहिले, रात्रभर उरण-गुजरात करणारे कंटेनर जातात, आजूबाजूला टॉवरची कामं चालूच आहेत. सकाळी पुसलेल्या कठड्यावर संध्याकाळी बोट फिरवलं तर बोटाचा ठसा उमटतो. तिनेही आमच्यानंतर महिनाभराने प्युरिफायर घेतला. चार महिन्यांनी ती गाळणी बदलत होती तेव्हा मी तिथेच होते. नवी गाळणी दुधासारखी पांढरी. जुनी वर्तमानपत्रावर ठेवली तर उंदराच्या पाठीच्या रंगाची, घड्यांच्या काठाशी जवळजवळ काळी. तिचा मुलगा जवळ येऊन बघत राहिला आणि म्हणाला, "आई, हे आपल्या आत गेलं असतं?" नणंदेने काही उत्तर दिलं नाही. कागदासकट ती गाळणी गुंडाळली आणि पिशवीत बांधली. त्या मुलाच्या सकाळच्या शिंका तेव्हापासून कमी आहेत. घोडबंदरचा त्रास धुळीचा, आणि धूळ पकडण्यासाठीच हे यंत्र आहे. तिथे ते पुरेपूर कामाला येतं.

आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे वास येतो. रात्री उशिरा किंवा पावसाची झड असताना वास येतो, ही निवासी विभागातली जुनी तक्रार. कधी कुजक्या अंड्यांसारखा, कधी नेलपॉलिशसारखा गोडसर, कधी नुसतं डोळे चुरचुरतात. पहिल्यांदा असा वास आला त्या रात्री मी यंत्राकडे धावले. दिवा निळा होता. आकडा अगदी उत्तम होता. सासूबाई पदर नाकाला लावून बसल्या होत्या आणि यंत्र सांगत होतं, हवा स्वच्छ आहे.

कारण साधं आहे. यंत्रातला सेन्सर कण मोजतो. वास हा वायू असतो, हेपाच्या गाळणीतून तो पाण्यासारखा निघून जातो. त्याच्यासाठी तिसरा थर असतो, नारळाच्या करवंटीच्या वगैरे कोळशाचा, सक्रिय कार्बनचा. पण घरगुती यंत्रात तो असतो काहीशे ग्रॅम, पुष्कळदा त्याहूनही कमी, नुसता जाळीवर शिंपडल्यासारखा. कारखान्यातला वायू धरायचा तर काही किलो लागतो. थोडा कोळसा लवकर भरून जातो आणि भरला की धरलेला वायू परत सोडूही शकतो. काही यंत्रांत आयोनायझर नावाचं बटण असतं, त्याने ओझोन तयार होऊ शकतो, आणि दमेकऱ्यासाठी ओझोन वाईट. आमच्याकडे ते बटण कायम बंद.

जानेवारी 2014 मध्ये डोंबिवलीत हिरवट पाऊस पडला. फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः येऊन पाहून गेले. 26 मे 2016 आणि 23 मे 2024, या दोन तारखांच्या स्फोटांत माणसं गेली, दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. ज्या गावाच्या आठवणी अशा आहेत तिथे खोलीतल्या दहा-बारा हजारांच्या डब्याने किती करायचं? आपल्या घरापुरती सोय झाली म्हणून आपण गप्प बसलो तर ते मला पटत नाही. ज्यांच्याकडे डबा नाही ती माणसं याच रस्त्यांवर राहतात, कारखान्यांच्या भिंतींना लागून, आणि पाळी संपवून त्याच हवेत झोपतात.

माझं माहेर कल्याणचं. आधारवाडीच्या डम्पिंगला आग लागली की धूर आमच्या घरापर्यंत यायचा. दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबून आई आम्हाला आतल्या खोलीत बसवायची. पिवळट, जळक्या प्लॅस्टिकचा वास कपड्यांना दोन-दोन दिवस राहायचा. ते वर्षानुवर्षं चाललं. लोक बोलत राहिले, निवेदनं दिली, कोर्टाचे फेरे झाले, आणि 2021 मध्ये ते डम्पिंग बंद झालं. माझ्या आईच्या घरी आजही एअर प्युरिफायर नाही. तिला तो लागतही नाही, निदान त्या धुरासाठी तरी नाही.

म्हणून आमच्याकडे यंत्राशेजारी आता एक वही ठेवली आहे. वास आला की त्यात लिहायचं: तारीख, वेळ, वास कसा, वारा कुठून. पहिल्यांदा मी एका कार्यालयात फोन केला तेव्हा पलीकडून विचारणा झाली, "नक्की किती वाजता?" आणि मला सांगता आलं नाही. आता सांगता येतं. रात्रीच्या नोंदी सासूबाई स्वतः करतात, कारण जाग्या त्याच असतात. त्यांचं अक्षर थोडं थरथरतं, पण वेळ मिनिटासकट असते.

घरात दमेकरी, तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल आणि परवडत असेल तर एका खोलीसाठी प्युरिफायर जरूर घ्या, त्याच्या आधी कॉइल विझवा, आणि गाळणीचे वर्षाचे दोन-तीन हजार बाजूला काढून ठेवा. निवासी विभागात, मिलापनगरात, मानपाडा रस्त्याच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्यांनी एक वही मात्र नक्की घालावी. एका घराची वही कुणी बघत नाही. चाळीस घरांच्या वह्यांत एकाच रात्री एकच वेळ लिहिलेली असली तर ती बघावी लागते.