चार कप्पे दिसले, पुढे काय?

सोनोग्राफी झाली की बहुतेक जोडपी एकच प्रश्न विचारतात, ‘सगळं नॉर्मल आहे ना?’ हृदयापुरतं तरी नेमकं काय पाहिलं, हेही विचारायला हवं.

जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी साधारण ८ ते ९ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. बहुतेकांच्या घराण्यात हा आजार नसतो, त्यामुळे ‘आमच्यात कुणाला नाही’ हा दिलासा फसवा. १८ ते २० आठवड्यांच्या ॲनॉमली स्कॅनमध्ये हृदयाचे चार कप्पे पाहतात. पण महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांची अदलाबदल झालेली असेल, तरी कप्पे व्यवस्थित दिसू शकतात. या दोन वाहिन्या एकमेकींना ओलांडून जातात की समांतर धावतात, हे वेगळं बघावं लागतं. त्यासाठी नवं यंत्र नको. सराव हवा आणि सवड हवी. गर्दीच्या केंद्रात नेमकी तीच नसते.

असं बाळ जन्मल्यावर रडतं, दूधही ओढतं. मग गर्भात उघडी असलेली एक छोटी रक्तवाहिनी मिटू लागते आणि बाळ निळं पडतं. दोष आधी कळला, तर जिथे बालहृदय शस्त्रक्रिया होते तिथेच प्रसूती ठरवता येते, ती वाहिनी औषधाने उघडी ठेवता येते. जुन्नर-भोरहून निळं बाळ घेऊन पुण्याकडे धावावं लागत नाही.

निदान म्हणजे गर्भपात, हे समीकरण २००८च्या निकेता मेहता प्रकरणाने अनेकांच्या मनात पक्कं केलं. गर्भाच्या हृदयात दोष सापडला तेव्हा २० आठवड्यांची मर्यादा उलटली होती. मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. २०२१च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने ही मुदत आड येत नाही. पण कितीतरी हृदयदोष शस्त्रक्रियेने बरे होतात. निर्णयाआधी बालहृदयरोगतज्ज्ञाची भेट झालीच पाहिजे, आणि त्यासाठीही दिवस हाताशी लागतात.

सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३पासून मुलांचे हृदयदोष शोधतो, पण जन्मानंतर. ‘सुरक्षित मातृत्व’ अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रिया तपासणीला येतातच. पुणे महापालिकेने आपल्या प्रसूतिगृहांत त्याच दिवशी प्रत्येकीला १८ ते २० आठवड्यांच्या स्कॅनची तारीख द्यावी आणि रिपोर्टवर दोन्ही धमन्यांसाठी वेगळी ओळ छापावी. दिसल्या की नाही, एवढंच लिहायचं. नाही दिसल्या, तर फीटल इकोची चिठ्ठी त्याच दिवशी.