कल्हई की नवे भांडे?

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी एक वाद ठरलेला. जुन्या पातेल्याला कल्हई करून घ्यावी, की ते मोडीत देऊन नवे आणावे? संगणकावरच्या डावपेचांच्या खेळांतही हाच वाद आहे. कंपनीने जुन्याच खेळात वर्षानुवर्षे भर घालावी, की त्याचा पुढचा भाग काढावा?

‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग १९९९ सालचा. २००५ साली तिसरा आला, २००९ साली ते खेळ रचणारी संस्थाही बंद झाली. पण खेळणारे दुसऱ्यालाच धरून बसले! काही हौशी मंडळींनी त्यात आपणहून भर घातली, आणि २०१३ साली तेच काम अधिकृत पुरवणी म्हणून विक्रीस आले. मूळच्या तेरा संस्कृतींत भारत नव्हता. या पुरवणीत ‘भारतीय’ म्हणून तो एकदाचा आला. पुढे २०२१ साली चौथा भाग निघाला, तरी २०२२ साली दुसऱ्या भागालाच आणखी पुरवणी मिळाली, आणि एका ‘भारतीयां’चे हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे चार झाले.

हा लोभ कशासाठी? आमचे चिरंजीव म्हणतात, “बाबा, बुद्धिबळाचा दुसरा भाग कधी कुणी काढलाय का?” मुद्दा बिनतोड आहे. डावपेच अंगात मुरायला वर्षे लागतात. नवा भाग आला की ते कसब फुकट जाते आणि जमलेले सवंगडीही पांगतात.

पण दुसरी बाजूही ऐका. ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस’चा चौथा भाग २०१३ साली आला आणि त्याला दहा वर्षांहून अधिक काळ पुरवण्या जोडल्या गेल्या. कंपनीलाही पगार द्यायचे असतात, तेव्हा त्या विकतच्या! नवख्याने ती यादी पाहावी आणि पाकीट चाचपावे. अखेर २०२५ साली पाचवा भाग आला. त्यात खेळ १४४४ ऐवजी १३३७ सालापासून सुरू होतो आणि प्रांताप्रांतांतली लोकसंख्याच खेळाचा पाया बनते. एवढा बदल पुरवणीत मावत नाही.

तेव्हा माझा निवाडा असा : भर घालायची तर जुन्यातच घाला, पाया बदलायचा तर खुशाल नवा भाग काढा. नुसते वेष्टन बदलून मात्र आमच्या बोनसवर डोळा ठेवू नका. चिरंजीवांना हा निवाडा मान्य आहे. फक्त कशाचा पाया बदलला, हे ठरवायला दोन्ही भाग विकत घ्यावे लागतील, असे त्यांचे नम्र मत आहे!